खर्च नावापुरताच: फोटोग्राफरची स्वतःची वेबसाइट

लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच घ्यायला लागलेल्या फोटोग्राफरला वेबसाइटसाठी पैसे मोजावे लागतात ते फक्त नावाचे, म्हणजे डोमेनचे. डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला हजार-दीड हजारात बसतं. जाहिरातीतला शे-दोनशेचा भाव पहिल्या वर्षापुरता असतो, म्हणून रिन्यूअलचा दर आधी बघा. सोबत गळ्यात मारलेली होस्टिंग आणि ईमेलची पॅकेजं कार्टमधून काढून टाका. आणि नाव स्वतःच्या खात्यातूनच घ्या. साइट करून देणाऱ्या मित्राच्या खात्यात ते राहिलं, तर उद्या त्याने फोन उचलला नाही की नावही गेलं. डॉट कॉम घेतल्यावर पडताळणीचा ईमेल येतो. 15 दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही तर साइट बंद पडते.

लाइटरूमसाठी, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरसाठी, अडोबीचा फोटोग्राफी प्लॅन घेतलाच असेल, तर अडोबी पोर्टफोलिओ हे साइट बनवायचं साधन त्यातच मिळतं. प्लॅन बंद केला की साइटही जाते, एवढं ध्यानात ठेवा. नसेल तर गूगल साइट्स. दिसायला साधं, पण फुकट, आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर (नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ते इथे ठरतं) एक सीनेम नोंद, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद, करायची: नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', पत्ता 'जीएचएस डॉट गूगलहोस्टेड डॉट कॉम'. बदल लागू व्हायला कधी दहा मिनिटं, कधी दोन दिवस. तेवढ्यात घाबरून नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नका. घोळ तिथेच होतो.

खरी मेहनत फोटोंवर. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 × 4000 चा असतो आणि जेपेगही सहज 10 एमबीचा. असे वीस टाकले तर 200 एमबी. गिऱ्हाईक मोबाइल डेटावर तेवढं थांबत नाही. एक्स्पोर्ट करताना लांब बाजू 2048 पिक्सेल, क्वालिटी 75 ते 80, कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांचा साचा, एसआरजीबी ठेवा. फाइल बहुधा 300 ते 600 केबीत येते. अडोबी आरजीबी या दुसऱ्या साच्यात ठेवलेला शालूचा लाल काही स्क्रीनवर मळका दिसतो. डीपीआय (छपाईत इंचामागे किती ठिपके) 72 की 300, यावर वाद घालू नका. स्क्रीनला त्याचं काही नाही. लोकेशनची माहिती मात्र काढा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता फोटोसोबत जगभर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेले फोटो वापरू नका, ते आधीच दाबून लहान केलेले असतात.

पंचवीस फोटो पुरेत. हळदीचे सहा घेतले की सातवा तसाच असतो.

आता कायद्याचं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुमच्याच साइटवर टाकायला बुकिंगच्या कागदावर एक ओळ हवी: 'निवडक फोटो कामाचे नमुने म्हणून वेबसाइटवर दाखवण्यास संमती आहे.' नवरा-नवरी दोघांची सही घ्या. लहान मुलांच्या फोटोंसाठी आईवडिलांना वेगळं विचारा.

संपर्कासाठी फॉर्मपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचं बटण बरं. 'डब्ल्यूए डॉट मी', तिरपी रेघ, 91 आणि पुढे दहा आकडे. अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावू नका.

गूगल साइट्समध्ये प्रत्येक बदलानंतर 'पब्लिश' पुन्हा दाबावं लागतं. शेवटी दुसऱ्याच्या फोनवर साइट उघडून बघा. तिथे लॉगिन मागितलं, तर शेअरिंगमध्ये प्रकाशित साइट सगळ्यांसाठी खुली करायची राहिली आहे.