विदर्भाच्या उन्हात कंपाउंड धनुष्याची निगा
मे महिन्यात कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना चाके असलेले धनुष्य, बंद गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली कधीही ठेवू नये. उष्णतेने प्रत्यंचा व केबल (चाकांना जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात, दोन्ही कॅमचा, म्हणजे त्या चाकांचा, मेळ बिघडतो आणि 50 मीटरवरचे बाण हळूहळू वर-खाली पडू लागतात. म्हणून धनुष्य नीट जुळलेले असतानाच, केबल कॅमला जिथे स्पर्श करते तिथे पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा आणि ती खूण दर आठवड्याला तपासावी. पूर्ण ओढल्यावर पीप (नेम धरण्यासाठी प्रत्यंचेत बसवलेली छिद्राची छोटी कडी) डोळ्यासमोर तिरकी येऊ लागली, तर प्रत्यंचा बहुधा ताणली गेली आहे. ती केसाळ दिसताच मेण लावून बोटांनी चोळावे. बाणाविना धनुष्य ओढून सोडणे, मग ते लहान मुलाच्या हट्टापायी का असेना, मला मुळीच मान्य नाही, कारण एका झटक्यात पाती (धनुष्याचे वाकणारे दोन्ही हात) तडकू शकतात.