बोर्ड टांगण्याआधी, घरघंटी बसवण्याआधी

माझा धंदा बोर्ड बनवायचा. पूर्वी ब्रशने रंगवायचो, आता अ‍ॅक्रिलिक आणि एलईडी. गिऱ्हाईक विचारतं, "फुटाला काय भाव?" मी उलट विचारतो, "भिंत कोणाची?" काहींना हा भोचकपणा वाटतो. वाटू दे. लावलेला बोर्ड उतरवायची मजुरी लावण्याएवढीच पडते, आणि ती कोणी आनंदाने देत नाही.

आधी घरातून धंदा करणाऱ्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. पुण्यात कर्वेनगर, कोथरूड, धनकवडी, कुठेही जा. पिको-फॉल, शिवणकाम, दळण सोसायट्यांमधूनच चालतं. त्यात बेकायदा काही नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेली यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली, निवासी भागात असे पारंपरिक घरगुती व्यवसाय करू देते, पण तीन गोष्टी सांभाळून. काम घरच्या माणसांनी करायचं. पगारी माणूस ठेवायचा नाही. मोटर वापरलीत तर सगळा मिळून भार एक अश्वशक्ती, म्हणजे ०.७५ किलोवॅटच्या आत. घरघंटीच्या प्लेटवर बहुधा १ एचपी लिहिलेलं दिसेल. म्हणजे एक घरघंटी लावलीत की तुमचा वाटा संपला. शेजारी मोटरवरचं एम्ब्रॉयडरी मशीन ठेवायचं असेल, किंवा मदतीला पगारी मुलगी ठेवायची असेल, तर तो घरगुती व्यवसाय राहिला नाही. मग गाळा बघा. "एकच तर मुलगी आहे" असं मला सांगून उपयोग नाही.

विजेच्या मीटरचा हिशेब वेगळा आहे आणि लोक दोन्ही एकात मिसळतात. घराच्या काही भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि आदल्या आर्थिक वर्षाचा ३,६०० च्या आत, तर महावितरण घरगुती दरच लावतं. वकील, डॉक्टर, सीए, इंजिनिअर घरी बसून आपला पेशा करत असतील तर तेही घरगुती दरातच. नर्सिंग होम मात्र नाही. वीजबिल घरगुती आलं म्हणजे महापालिका आणि सोसायटीची परवानगी आपोआप मिळाली, असं मात्र समजू नका.

आता आवाज. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दळण त्या वेळेत नको, हे नियम नसता तरी शेजाऱ्यांनी सांगितलंच असतं. सोसायटीचा जनरेटर घेताना आवाजबंद पेटीसहच घ्या. पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. एसीचा बाहेरचा युनिट स्वतःच्या बाल्कनीत बसत असेल तर उत्तम. बाहेरच्या भिंतीवर लावायचा तर सोसायटीला विचारा आणि गरम हवा कोणाच्या खिडकीत जाते ते बघा. नळाच्या लाइनला थेट मोटर जोडायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, महापालिका मोटर जप्त करते.

पाटीकडे येतो. फ्लॅटच्या दारावर नाव, पेशा, वेळ लिहायला कोणी अडवत नाही. बाहेरची भिंत, जिना, गेट हे सोसायटीचं. सेक्रेटरी तोंडी "लावा हो" म्हणाले तरी कमिटीचं पत्र घ्या. पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरी बदलतो, बोर्ड तिथेच असतो. (दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, या पाटीला कोणाचीच परवानगी लागत नाही.)

रस्त्यावरचं दुकान असेल तर १९४९ च्या महापालिका अधिनियमातली २४४ आणि २४५ ही कलमं लक्षात ठेवा. दुकानाच्या दर्शनी भागावर तुमच्याच धंद्याची पाटी ही साधी गोष्ट. ती बिघडते तीन प्रकारे. एक, बोर्ड छताच्या वर काढला आणि खालून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसू लागला, की ते आकाशचिन्ह. त्याला लेखी परवानगी हवी. दुसरं, शीतपेयाची किंवा मोबाइलची कंपनी "बोर्ड फुकट देतो" म्हणते आणि निम्म्या जागेत स्वतःचं नाव छापते. ती तुमची पाटी नाही, जाहिरात आहे. तिसरं, फ्रेम फुटपाथवर झुकते किंवा पत्र्याची शेड समोरच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे मोकळ्या सोडायच्या जागेत, येते. अतिक्रमणवाले गाडी घेऊन येतात ते बहुतेक याच कारणासाठी.

अक्षरांचा नियम पाळायला सोपा आहे. दुकाने-आस्थापना कायद्याच्या, म्हणजे शॉप अ‍ॅक्टच्या, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते. मराठी आधी, आणि तिची अक्षरं इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. मी मराठी ओळ आधी मांडतो आणि इंग्रजीला उरलेली जागा देतो; उलट केलं की हमखास मराठी चेपली जाते. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत भरा. कामगार वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी; २०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहाची होती.

गच्चीवर होर्डिंगसाठी मला बोलावू नका, मी घेत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ सांगाडा कोसळून चार जण गेले, एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला पाच. इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र आणि परवाना नसताना कोणी गच्ची भाड्याने मागत असेल तर भाड्याचा आकडा ऐकूसुद्धा नका. झाडाला किंवा विजेच्या खांबाला पाटी ठोकायचं कामही मी घेत नाही. परवानगीशिवाय लावलेल्या पाटीला १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड सांगतो.

शंका असेल तर आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात जा आणि आकाशचिन्ह व परवाना विभागाबद्दल विचारा. जाताना दुकानाचा समोरून काढलेला फोटो, त्यावर पेनाने बोर्डाची लांबी-उंची, जमिनीपासूनची उंची, कराची पावती आणि भाड्याची जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र घ्या. उत्तर लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि त्यानंतरच मला अ‍ॅडव्हान्स द्या.