डेंग्यूचे आकडे जुळत नाहीत? आधी मेटाडेटा जुळवा

दवाखान्याची यादी न् महापालिकेची यादी जुळवायची म्हटलं की सगळे पहिले सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. थांबा भाऊ, आधी एक साधी शीट उघडा न् दोन्हीकडच्या प्रत्येक कॉलमचा अर्थ लिहून काढा, म्हणजे आकडा कशाचा, युनिट काय, कोण भरतं, रिकामा चालतो का. हाच मेटाडेटा. यात एकाही पेशंटचं नाव नसते, त्यामुळे ही शीट दोन्ही ऑफिसांत बिनधास्त फिरवता येते, खरा डेटा नंतर.

आता "डेंग्यू पॉझिटिव्ह" हा एकच कॉलम घ्या. कुठे रॅपिड किटवर लाइन दिसली की पॉझिटिव्ह लिहितात, सरकारी कार्यक्रमात मात्र एनएस१ (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने बनवलेली अँटिबॉडी) यांची एलायझा, म्हणजे लॅबमधली रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली तरच केस पक्की धरतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण बेरीज चुकणारच! म्हणून टेस्टचा प्रकार वेगळा कॉलम, संशयित-संभाव्य-पक्की हा वेगळा. तारखाही तीन ठेवा: ताप आला ती, सॅम्पल घेतलं ती, रिपोर्ट आला ती, नुसतं "तारीख" लिहाल तर जो तो आपल्या मनाने भरेल.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा. नागपूरच्या मेडिकल-मेयो या मोठ्या सरकारी दवाखान्यांत गोंदिया, गडचिरोली, पार छिंदवाड्यावरून पेशंट येतात, भरती नागपुरात पण डास चावला गावाकडे, मग फवारणी कुठे करायची? राहण्याचं ठिकाण न् उपचाराचं ठिकाण वेगळं लिहाच. गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नका, एक जण पारशिवनी लिहिते, दुसरा पारसिवनी. कोड वापरा, पण कोणत्या यादीतला तेही लिहा, कारण नागपूर जिल्हा लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत (केंद्र सरकारची जिल्हे-गावांच्या कोडची यादी) ४८४ आहे न् २०११ च्या जनगणनेत ५०५.

बाकीचे कोड तयारच आहेत, नवीन काढत बसू नका. हिमोग्लोबिनसाठी लॉइंकचा (लॅब टेस्टच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) ७१८-७, पेशंटसाठी १४ अंकी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक. आभा ऐच्छिक आहे, तो नसला म्हणून एंट्री अडवायची नाही, हे शीटमध्ये स्पष्ट टाका.

शेवटी प्रत्येक ओळीसमोर ऑफिसातलं जबाबदार टेबल (म्हणजे पद) कोणतं ते लिहा, माणसाचं नाव नको, बदली होते. अर्थ बदलला तर जुनी ओळ खोडू नका, "अमुक तारखेपर्यंत लागू" लिहा न् खाली नवीन ओळ टाका, नाहीतर मागच्या पावसाळ्याचे आकडे यंदाच्या व्याख्येने वाचले जातील.