कोल्हापुरात एक दिवस: सकाळी कट, दुपारी पांढरा-तांबडा

मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी कोल्हापूर गाठते. मिसळीसाठी याहून सोयीची गाडी नाही. पुण्याहून रस्त्याने साधारण 230 किलोमीटर, म्हणजे पहाटेच निघायला हवं. मिसळ इथे सकाळचीच. कट म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा सकाळी लवकर शिजतो, नंतर चुलीवर आटत जातो, मीठ-तिखट वर येतं, मग त्यात गरम पाणी पडतं आणि चव पातळ होते. म्हणून साडेआठ ते दहा ही वेळ साधा. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ. रविवारी रांग धरूनच चला.

ऑर्डर देताना "कट वेगळा द्या" म्हणा. ताटलीत खाली मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर. सगळा कट एकदम ओतला की दोन-तीन मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो. दोन पळ्या घाला, लिंबू पिळा, चार घास खा, मग पुन्हा घाला. पाव म्हणजे इथे ब्रेडच्या स्लाइस. त्या कटात बुडवून लगेच तोंडात टाकायच्या. कट पुन्हा वाढतात का, ते बसतानाच विचारून घ्या.

कट ओळखायचा तो तर्रीवरून. वरचं तेल स्वच्छ लाल हवं आणि खाली कांदा-खोबऱ्याचा दाटपणा जाणवला पाहिजे. तेल काळपट आणि चव कडवट असेल तर लसूण किंवा चटणी (कांदा-लसूण मसाला) करपली आहे. तिखट सोसेना तर पाणी पिऊ नका. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. दोन चमचे दही लगेच आराम देतं.

पुढचे तीन-चार तास पोटाला सुट्टी. रंकाळा तलावाला एक चक्कर मारा.

दुपारी साडेबारा ते दीड या वेळात मटणाच्या खानावळीत बसा. बुधवार आणि रविवार हे मटणाचे वार, खप जास्त म्हणून माल ताजा. सोमवारी किंवा श्रावणात जायचं तर आधी फोन करा. ताटात मटण मोजकं असतं, पांढरा आणि तांबडा हे दोन्ही रस्से मात्र बहुतेक ठिकाणी हवे तेवढे वाढतात.

सुरुवात पांढऱ्याने. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून घातलेला हा रस्सा वाटी तोंडाला लावून, गरम असतानाच प्यायचा. जिभेवर तांबडा आधी चढला की पांढऱ्यातली वेलची-दालचिनी कळतच नाही. रस्स्यात बारीक कण दिसले तर तो जोरात उकळून किंवा पुन्हापुन्हा तापवून फुटलेला आहे. तिथे दुसरी वाटी मागू नका. यानंतर सुक्कं मटण भाकरीशी, मग उरलेली भाकरी तांबड्यात कुस्करून, सोबत दही-कांदा. भातासाठी पोटात जागा ठेवा आणि त्यावर दोन्ही रस्से एकत्र घ्या. दोन्हींचा खरा मेळ तिथेच जमतो.

शाकाहारी माणसाने नाराज व्हायचं कारण नाही. या भागातल्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर रोटीबरोबर मागवा. दाणा अख्खा, पण बोटाने दाबला की पिठासारखा मऊ हवा.

संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात. दूध कच्चंच असतं, तेव्हा गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि पोट नाजूक असलेल्यांनी ते टाळावं.

परतताना कांदा-लसूण मसाला घ्या. दुकानात तो "चटणी" म्हणून मागायचा. पाव किलो पुरे. मुठीत दाबून बघा: ताजी चटणी थोडी ओलसर, गोळा धरणारी असते आणि कांद्या-लसणाचा वास लगेच येतो. खोबऱ्याचा खवट वास आला तर परत ठेवा. घरी काचेच्या बरणीत भरा, चमचा कोरडाच घाला. पाण्याचा थेंब गेला की बुरशी धरते.