अहिराणी वर्गात आणायची, तर टाचणवहीपासून सुरुवात करा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात मी तिसरीला मराठी शिकवते; पोरांची घरची बोली अहिराणी. पुस्तक ठरलेलं, परीक्षा ठरलेली. पण उदाहरण कोणतं द्यायचं, गृहपाठ काय, हे आपल्याच हातात असतं. ते परवानगी मागून घालवू नका.

पोरगं म्हणतं, "मनी माय वावरमा गयी." चूक म्हणून खोडू नका. फळ्यावर तसंच लिहा, खाली "माझी आई शेतात गेली" लिहा आणि विचारा, काय बदललं? "वावरमा"तला "मा" आणि "शेतात"मधला "त" एकच काम करतात, हे पोरं स्वतः शोधतात. विभक्तीचा तक्ता घोकून हे कधीच जमलं नव्हतं.

मात्र टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, अध्ययन निष्पत्ती (पाठातून पोराला काय यायला हवं ते) आधी लिहा, कृती नंतर. मला एकदा तपासणीत "बोली कशाला?" म्हणून सुनावलं गेलं, वहीत नोंद नव्हती, मी गप्प राहिले. फार लागलं ते. आता शिक्षण हक्क कायदा, 2009 मधलं कलम 29 वहीच्या पहिल्या पानावर आहे: शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून. सोबत पोरांच्या वह्या ठेवा, जूनच्या आणि दिवाळीनंतरच्या, म्हणजे फरक दिसतो. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आले की आधी त्याच पुढे करा.