नवीन डार्क जीन्सचा रंग पांढऱ्या कुर्त्याला लागला तर

पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या गर्दीत घामाने आणि पावसाने भिजलेली नवीन जीन्स आणि वर पांढरा कुर्ता, घरी येईपर्यंत कमरेच्या घेरावर निळा पट्टा उमटलेलाच असतो. इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, पाण्यात विरघळत नाही, तो धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेला असतो, म्हणून घासलं की सुटतो, आणि ओलं असलं की जास्तच.

डाग दिसला की आधी इस्त्री आणि ड्रायर बंद, उष्णतेने डाग पक्का बसू शकतो. थंड पाण्याखाली उलट्या बाजूने धुवा, चोळू नका हां, चोळलं की निळं आजूबाजूला पसरतं. मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे व्हॅनिशसारखी पावडर, पाकिटावर लिहिलंय तेवढीच घालून कुर्ता काही तास भिजत ठेवा, डाग फिका झाला पण गेला नाही तर नवीन पाणी करून परत. सिल्क आणि लोकरीला हे चालत नाही, ते सरळ लाँड्रीत द्या.

जीन्स मात्र उलटी करून थंड पाण्यात वेगळी धुवा, पहिले काही वॉश तरी. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, इंडिगोला त्याचा काही उपयोग नाही. आणि तोपर्यंत क्रीम कलरच्या सोफ्यावर ती घालून बसू नका.