तारेतलं विद्युतक्षेत्र मल्टिमीटरने कसं मोजायचं

तारेवरच्या दोन बिंदूंमधलं विभवांतर (व्होल्टेजचा फरक) भागिले त्यांच्यातलं अंतर, हेच त्या तुकड्यातलं विद्युतक्षेत्र. त्यामुळे साधा डिजिटल मल्टिमीटर आणि मोजपट्टी पुरते.

२८ गेज (बारीक) आणि २२ गेज (जाड) अशा दोन जाडीच्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारा घ्या. कनेक्टरच्या स्क्रूखाली दोन्ही एकमेकींना जोडा आणि लाकडी फळीवर ताणून बसवा. प्रत्येकीची मोकळी लांबी ५० सेंमी ठेवा. डाग देण्याच्या फंदात पडू नका, नायक्रोमवर साधं सोल्डर धरत नाही. टोकं आधी पॉलिश पेपरने घासा. टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा नवा सेल ०.७५ चौ. मिमी तांब्याच्या वायरने जोडीच्या दोन मोकळ्या टोकांना जोडा.

बारीक तारेचा रोध साधारण ५ ओहम, जाड तारेचा १.४ ओहम. करंट दोन्हींतून तोच, अंदाजे ०.२२ अँपियर. मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवून प्रोब बरोबर १० सेंमी अंतरावर टेकवा. बारीक तारेवर २२० मिलिव्होल्टच्या आसपास, जाड तारेवर जेमतेम ६०.

करंट एकच असताना हा फरक का? बारीक तारेचं काटक्षेत्र सुमारे साडेतीन पट कमी, म्हणून दर चौरस मिलिमीटरमागे करंट तितक्याच पट दाट. विद्युतक्षेत्र = रोधकता (त्या धातूचा करंटला अडवण्याचा गुण) × करंटची घनता. इलेक्ट्रॉन अरुंद वाटेतून जास्त वेगाने ढकलायला तिथे क्षेत्रही जास्त लागतं. ते उभं करतो सांध्यापाशी पृष्ठभागावर साठलेला थोडासा प्रभार. तांब्याच्या वायरीवर ३० सेंमीला दीड मिलिव्होल्टच मिळेल (इथे २०० मिलिव्होल्टची रेंज लावा). म्हणूनच गणितात जोडतारांचा रोध शून्य धरला तरी खपतं.

आकडे मध्येच उतरू लागले तर सेल बसतोय. शेवटी पहिलं मोजमाप पुन्हा घ्या, आणि मधल्या वेळेत सेल सोडवून ठेवा.

आता खरी गंमत सांध्यावर. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर प्रोब ठेवा. २८ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. १०० आले तर स्क्रू ढिला आहे: जादा ७२ भागिले ०.२२ अँपियर, म्हणजे ०.३ ओहमहून अधिक संपर्करोध. गिझरच्या प्लगमध्ये ०.१ ओहमचा असाच सांधा १० अँपियरला १० वॅट उष्णता एकाच जागी काढतो, पिना काळ्या पडतात त्या याने. ते मोजमाप मात्र घरच्या २३० व्होल्टवर करायचं नाही.